मधे कुणी नाही

रविवारी सकाळी नऊ वाजून गेले तरी न्हाणीघर मोकळं होईना, म्हणून भिजवलेल्या कपड्यांची बादली उचलून मनकर्णानं दार ढकललं. आतून कडी नव्हती. दिनकरराव न्हाणीतल्या लांब पाटावर बसले होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी, पाठ ओल्या भिंतीला टेकलेली आणि कानाला एक काळा फोन. घरातला फोन बाहेरच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली होता. हा दुसराच होता, लाईनमन कमरेला अडकवून खांबावर चढतात तसला, जुना. त्याच्या दोन पातळ तारा झरोक्यातून बाहेर, जिन्यातल्या टेलिफोनच्या डब्याकडे गेल्या होत्या. बोलायच्या बाजूला हिरवं कापड गच्च गुंडाळलं होतं, आपला श्वास पलीकडे जाऊ नये म्हणून. ते कापड मनकर्णानं ओळखलं. पंचमीला भावानं दिलेल्या खणातला उरलेला तुकडा होता तो. दिनकरराव दचकले नाहीत. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि पाटावर थोडे सरकले, एसटीत ओळखीच्या माणसाला जागा करून द्यावी तसे. चोरी उघडी पडलेला माणूस असा सरकत नाही. असं सरकतात ते आपल्यातल्याच माणसासाठी.

आणि ती त्यांच्यातलीच होती. लग्न होऊन पाथरीहून ती त्यांच्या घरी आली तेव्हा दिनकरराव एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होते. समोर भोकांची फळी, हातात पितळी टोकांच्या दोऱ्या. या भोकातून त्या भोकात दोरी घातली की दोन गावं बोलायला लागत आणि मधे दिनकरराव बसलेले असत, कानाला चोंगा लावून. नव्या संसारात बोलायला काही नसतं. पहिल्या आठवड्यात जेवताना ते म्हणाले, एक वकील हाय, रोज दुपारी सेलूला एका बाईला फोन लावतो आणि फक्त इचारतो, आज कोरड्यास काय केलंस. मनकर्णाला त्या वकिलाची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिनंच विचारलं, मग, आज काय केलं होतं त्या बाईनं? त्या दिवसापासून ते रोजचं झालं. दिनकररावांना आवाज काढता यायचे. सासूचा, सावकारी करणाऱ्या म्हाताऱ्याचा, दवाखान्यातनं रडत बोलणाऱ्या पोरीचा. कोरड्यासाबरोबर ते आवाज ताटात यायचे. मूल झालं नाही, त्याचंही एवढं वाटलं नाही कधी. घर आवाजांनी भरलेलं असायचं. नामांतराच्या दंगलीच्या वर्षी ते एका लहान गावच्या बोर्डावर होते. दोन दिवसांनी घरी आले, ताटावर बसले आणि नुसते वरणात बोट फिरवत राहिले. तिनं लय आग्रह केला तेव्हा म्हणाले, "एका गावच्या पोस्टातनं माणूस पोलीस मागायलाता. चारपाचदा. लाईन लागली न्हाई." लागली नाही की लावली नाही, हे मनकर्णानं विचारलं नाही. तिला आठवतं ते इतकंच, की त्या दिवशीची गोष्ट तिला बेचव लागली होती, आणि दोन-तीन दिवसांत गोडीगुलाबीनं तिनं त्यांना पुन्हा बोलतं केलं होतं.

परभणीला बदली झाली आणि पुढं नवीन एक्स्चेंज आलं. इलेक्ट्रॉनिक. मांडव घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. वरून आलेले साहेब भाषणात म्हणाले, आजपासून तुमचं बोलणं फक्त तुमचं. मधे कुणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी मागून मोठ्यानं म्हणालं, सुटलो रे बाबा! मग सगळेच बोर्डावरच्या माणसांकडे बघून हसले. दिनकररावही हसले. एक पिवळं पत्रक वाटलं होतं, त्यात नव्या फोनच्या सोयी छापल्या होत्या. नंबर स्वतः फिरवा. फोनला कुलूप लावा. चार आकड्यांचा गुप्त क्रमांक ठरवा, तो घरच्या माणसालाही सांगू नका. मनकर्णानं ते पत्रक शेंगदाण्याच्या डब्याखाली अंथरलं. दिनकररावांना तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. संध्याकाळी ते घरी यायचे, जेवायचे, हात धुवायचे. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज ऐकू यायचा, दातांचा यायचा, घोट गिळल्याचा यायचा. इतकी वर्षं हा माणूस जेवताना असा आवाज करतो हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या वर्षात ती वाळत गेली. आपल्याला कशाची भूक लागली आहे हे तिला कळत होतं, पण तिचं नाव ती घेत नव्हती. आणि मग एका रविवारी, दिवाळीच्या थोडं आधी, दिनकररावांनी घास घेता घेता बायकी, लाडिक आवाज काढला, "चिऊ आली... चिऊ काय म्हणती? चिव चिव चिव..." आणि लगेच घशातून जाड, ओला आवाज, "हं... हं... हं..." मनकर्णानं हातातला चमचा ठेवला. कोण, म्हणून विचारलं. त्यांनी समोरच्या दाराकडे भुवई उडवली.

समोरच्या दारात सुगंधाबाई राहायच्या. मुलींच्या शाळेत शिक्षिका, पंचेचाळिशीच्या, विधवा. मूलबाळ नाही, असं सगळ्यांना ठाऊक होतं. राणीसावरगावकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. घराण्यात पहिली मॅट्रिक झालेली बाई. कमी बोलायच्या. त्यांनी फोन घेतला तो नवं एक्स्चेंज आल्यावरच, ते पिवळं पत्रक हातात घेऊन त्या दिनकररावांना विचारायला आल्या होत्या, "भाऊ, हे खरं हाय का? खरंच कुणाला ऐकू जात न्हाई?" दिनकररावांनीच त्यांच्या घरी जाऊन कुलूप लावायचं शिकवलं होतं. गुप्त क्रमांक फिरवताना पाठ करून उभे राहिले होते. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं, म्हणून त्यांनी मनकर्णाला लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून दिली. आणि त्या लोणच्याच्या फोडी ताटात असतानाच मनकर्णा हसली होती. "ह्या वयात?" म्हणून हसली. "आणि त्यो काय बोलतच न्हाई? नुसतं हं हं?" "बोलायला त्याला सुधरायला पाहिजे ना," असं म्हणून दिनकररावांनी पुन्हा तो आवाज काढला आणि तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग दर रविवारी. ही गोष्ट कुठून आली, बोर्ड जाऊन वर्ष झालं, हे तिनं विचारलं नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला गल्लीतल्या चांगुणाबाईंच्या घरी बायका बसल्या होत्या. चांगुणाबाईंची सून त्याच शाळेत होती. मनकर्णानं उगंच, जिभेवर आलं म्हणून, सांगून टाकलं. आवाजासकट. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता न्हाणीत बसल्या बसल्या दिनकरराव तिला खूण करत होते. ऐक, ऐक. आज भांडण हाय. त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. तो गरम होता. त्यांच्या कानाच्या घामानं ओला झाला होता, आणि त्याला खोबरेल तेलाचा शिळा वास येत होता. तिचा कान त्याला चिकटला. आत आधी खरखर आली, मग इतक्या जवळून सुगंधाबाईंचा आवाज आला की मनकर्णानं मान मागे घेतली.

"तुमच्याशिवाय ह्यो शब्द कुणालाच ठाऊक न्हवता, भागुबाई. कुणालाच न्हाई. फळ्यावर लिहिलं पोरींनी, चिव चिव म्हणून. हेडमास्तरीणबाईंनी बोलवून घेतलं. बाई, तुमचं रविवारी कुणाशी काय चालतं म्हणल्या."

पलीकडे एक म्हातारी बाई रडत होती. "देवाशपथ बाई, म्या कुणाला सांगितलं न्हाई. सात वर्सं झाली, तुमच्या लेकराचं हगणंमुतणं काढायले, म्या कुणाला कशाला सांगू?"

"मग कुठनं गेलं? भिंतीनं सांगितलं?"

"आता तिच्याशी बोला तरी. केव्हाची फोनकडं बघायली तुमची बायना. बोला, बाई."

आणि मग तो आवाज आला. जाड, ओला, घशातला. "हं... हं... हं..." बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो. त्यात शब्द नव्हता एकही, पण वाट बघणं होतं. सुगंधाबाईंची चिऊ आली नाही. पलीकडून हं हं येत राहिलं, वर चढत गेलं, आणि फोन ठेवल्याचा खटका वाजला.

"पोरगी हाय ती," मनकर्णा म्हणाली. "अहो, पोटची पोर हाय ती बाईची."

"मग? संस्थेत ठेवलीय, जालन्याच्या पुढं. डोक्यानं अधू हाय."

"तुमाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून." दिनकरराव तारा गुंडाळू लागले, अगदी व्यवस्थित, चार बोटांभोवती.

"मग मला तसं का सांगितलंत? माणूस हाय म्हणून?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, लाजही नव्हती; तिच्या न समजण्याचं थोडं नवल होतं. "खरं सांगितलं असतं तर तू हसली असतीस का?"

तिनं तारा ओढल्या. झरोक्यातून जोरात ओढल्या, तेव्हा बाहेर कुठंतरी काहीतरी तुटलं. दिनकरराव काही म्हणत होते, सरकारी सामान, नोकरी, वेडी का खुळी. तिला ते ऐकू येत नव्हतं, तिला त्यांचं तोंड दिसत होतं. हलणारं तोंड, कडेला वाळलेली थुंकी, वरच्या दातात सकाळच्या पोह्यातल्या कोथिंबिरीचं पान. या तोंडातून अठरा वर्षं तिनं खाल्लं होतं. पक्षीण पिलाला भरवते तसं त्यानं चावून तिच्या तोंडात घातलं होतं आणि तिनं चोच उघडून मागितलं होतं. मनातल्या मनात ती त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती, हे तिच्या ध्यानात आलं. मग ती मोरीवर वाकली. मोरीच्या जाळीत दोघांचे केस अडकले होते, त्याचे काळे, तिचे पिकलेले, साबणाच्या फेसात एकमेकांत गुंतलेले. ते बघून तिला उलटी झाली. चहा पडला, पोहे पडले, मग नुसतं कडू पाणी. उजवा कान तिनं साबणानं धुतला, नखानं खरवडला. तेलाचा वास जाईना. तो म्हणाला, "इतकं काय झालं? मी कुणाला सांगितलं का? मी तुलाच सांगितलं फक्त." तेही खरंच होतं. चांगुणाबाईंकडे तो गेला नव्हता.

समोरचं दार उघडंच होतं. सुगंधाबाई फोनसमोर खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. मनकर्णाचा ओला चेहरा बघून त्या उठल्या. "काय झालं वैनी? बरं न्हाई का?" आणि पाणी आणायला वळल्या. सांगायच्या आधी ते पाणी घेणं मनकर्णाला चालणार नव्हतं. तिनं उंबऱ्यातनंच सांगितलं. भागुबाईनं न्हाई सांगितलं. आमी ऐकत होतो. हे ऐकायचे आन मला सांगायचे. मी चांगुणाबाईकडं बोलले.

सुगंधाबाईंनी आधी फोनकडे पाहिलं. "पण कुलूप हाय ना त्याला," त्या म्हणाल्या. मग, "भाऊंनीच लावून दिलंय." मनकर्णाला वाटत होतं, ह्यांनी आता ओरडावं, थोबाडीत मारावी. पण त्यांनी फोनचं कुलूप काढलं, अंगानं आकडे झाकायचं विसरून, तिच्या देखत, आणि संस्थेला फोन लावला. पलीकडच्या कारकुनानं सांगितलं, भागुबाईनं मघाशीच गाठोडं बांधलं. चोरटी म्हणवून घेऊन राहायचं न्हाई म्हणाली. देवगाव फाट्याच्या आत तिचं गाव हाय, दहाच्या गाडीनं गेली. आणि तुमची मुलगी ओरडायलीय बाई, ताट फेकलं, कुणाला जवळ येऊ देत न्हाई. ते ओरडणं कारकुनाच्या आवाजामागून खोलीभर ऐकू येत होतं.

"तिच्या हातचंच खाती ती," सुगंधाबाई फोन ठेवून म्हणाल्या. भिंतीवरची पिशवी काढली, चपला घातल्या. "लोक हाय हाय करतील म्हणून झाकलं न्हाई मी वैनी. दिवसभर मी सगळ्यांचीच असते. शाळेची, गल्लीची. ते आठवड्यातले पाच मिनिटं माझे होते."

"मी येते," मनकर्णा म्हणाली. "मी सांगते तिला."

"चला. पण तोंडानं तुमीच सांगायचं. मी एक अक्षर बोलणार न्हाई."

एसटीत त्या एकाच बाकावर बसल्या, मधे पिशवी. दोन तासांचा रस्ता. मनकर्णानं उजवा कान खिडकीकडे ठेवला होता, वारा भरून तो बधिर झाला तरी तिनं काच लावली नाही. मागच्या बाकावर दोन माणसं जमिनीच्या वाटणीचं बोलत होती आणि तिच्या ध्यानात आलं की आपण ऐकतो आहोत. नको म्हणूनही ऐकतो आहोत. कोण थोरला, कोण धाकटा, बांध कुणाचा, सगळं आपोआप जागच्या जागी बसतं आहे. कान मिटता येत नाही. डोळा मिटतो, तोंड मिटतं, हे एक भोक देवानं उघडंच ठेवलं, आणि तिला स्वतःच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लटकलेल्या त्या कातडीची किळस आली. फाट्यावर उतरून कोसभर चालायचं होतं. ऊन तापलं होतं. ज्वारी काढून झालेल्या वावरांतून धसकटं टोचत होती. सुगंधाबाई पुढं, ती मागं.

भागुबाई नुकतीच पोचली होती. अंगणात रांजणाजवळ पाय धुवत होती. वाळलेली, काटक म्हातारी, हात मोठे, मनगटाला चावल्याच्या खुणा. बाईंना बघून तिनं तोंड फिरवलं. मनकर्णानं सांगायला सुरुवात केली. उभ्यानंच सांगितलं, काही गाळलं नाही. न्हाणीघर, तारा, जेवणं, हळदी-कुंकू. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाईनं तुमाला पढवून आणलंय," ती म्हणाली. "मला परत न्यायसाठी. कुणी तारंतनं ऐकत असतं का? म्या कसं मानू?"

"खरं हाय भागुबाई."

"मग काय ऐकलं ते म्हणा. कसं म्हणत व्हते तुमचे मालक? म्हणून दावा."

मनकर्णानं सुगंधाबाईंकडे पाहिलं. त्या रांजणाकडे बघत होत्या. तेव्हा मनकर्णानं तोंड उघडलं. हळू, अडखळत म्हणायचं तिनं ठरवलं होतं. पण पहिला शब्द सुटला आणि सगळं आपोआप घरंगळत आलं, लाडिक, नाकातनं थोडंसं, शेवटी वर उचललेलं, "चिऊ आली... चिऊ काय म्हणती? चिव चिव चिव..." हुबेहूब सुगंधाबाईंचा आवाज. दिनकररावांपेक्षाही चांगला. आणि ती तिथं थांबली नाही, तिला थांबता आलं नाही, त्याच्या मागोमाग घशातून तो दुसराही आवाज निघाला, "हं... हं... हं..." अंगणातली कोंबडी मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागली. सुगंधाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांची पाठ हलत होती. भागुबाईच्या हातातला तांब्या खाली आला.

"शिव शिव," म्हातारी म्हणाली. "कसलं तोंड म्हणायचं हे." मग पदरानं पाय पुसून ती आत गेली आणि सोडलेलंही नसेल ते गाठोडं घेऊन बाहेर आली. "म्या पोरीसाठी येते. तिनं कुणाचं काय वाईट केलंय? पर बाई, तुमी माझ्याशी आता बोलायचं न्हाई. सात वर्सांत येकदा बी तुमाला इचारावं वाटलं न्हाई, भागुबाई कसली बाई हाय म्हणून. फोन बी करायचा न्हाई. यायचं असलं तर अंगानं या."

"येईन," सुगंधाबाई म्हणाल्या. "दर रविवारी येईन."

फाट्यावर जालन्याकडची गाडी आधी आली. भागुबाई चढली आणि पुढच्या बाकावर बसली. सुगंधाबाई चढल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मनकर्णाकडे दोघींपैकी कुणी पाहिलं नाही. गाडी गेल्यावर धूळ बसायला बराच वेळ लागला. परभणीची गाडी कधी येईल ते कुणाला सांगता येत नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे जीपवाले ओरडत होते. लिंबाखाली धोंड्यावर ती बसली, शेजारी एक अनोळखी बाई शेळीचं दावं धरून बसली होती. चांगल्या चेहऱ्याची, बोलकी बाई. तिनं पानाची चंची उघडता उघडता मनकर्णाकडे निरखून पाहिलं.

"त्या दोघी कोण व्हत्या वो? येक रडायलती. काय झालं?"

आणि मनकर्णाला जाणवलं, की गोष्ट तयार आहे. सगळी, पहिल्यापासून. कुठून सुरू करायची, कुठं थांबायचं, ते ठरलेलं आहे. म्हातारीचा आवाजसुद्धा आला होता, त्या कातावलेल्या, फाटलेल्या कंगोऱ्यासकट, "कसलं तोंड म्हणायचं हे", जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, गरम, लाळेत भिजलेला. शेळीवाली बाई सरकून तिला जवळ जागा करून देत होती. मनकर्णा उठली. पदर तोंडावर दाबून रस्त्याच्या कडेला गेली आणि थुंकली, पुन्हा थुंकली, तोंड कोरडं पडेपर्यंत थुंकत राहिली.

"मळमळायलंय का बाई?" मागून त्या बाईनं विचारलं.

"व्हय," मनकर्णा म्हणाली. "लय."